बोर तलाव आणि आसपासचा मुलूख

पाणी जेथे साठते, तेथे जीवन गोळा होते. पक्षी येतात, जनावरे येतात, आणि त्यांच्यामागोमाग माणसेही येतात. म्हणूनच जगातील अनेक सुंदर गावे तळ्याच्या काठी वसलेली आहेत. युरोपातील स्वीडन या देशात तर हजारो तळी आहेत. फार पूर्वी त्या देशावर बर्फाचे जाड थर पसरले होते. सरकत्या बर्फाने जमीन खरवडली, खळगे पडले, आणि बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साचले. अशा तळ्यांच्या काठी तेथे लहान लहान शहरे आहेत. सुटीच्या दिवसांत लोक तेथे जातात, होडीतून फिरतात आणि आसपासची खेडी पाहतात.

आपल्या विदर्भात बर्फ नाही. येथली जमीन बहुतेक ठिकाणी काळ्या खडकाची व काळ्या मातीची आहे. लोणारसारखे, उल्कापाताने तयार झालेले सरोवर हा अपवादच म्हणावा लागेल. आपल्याकडची बहुतेक तळी माणसाने बांधलेली आहेत. भंडारा आणि गोंदिया भागातील जुने मालगुजारी तलाव असोत किंवा अलीकडची धरणे असोत, त्यांच्यामागे कोणीतरी केलेला विचार आणि कोणीतरी गाळलेला घाम आहे. वर्धा जिल्ह्यातील बोर तलाव हा असाच एक तलाव. या पाठात आपण त्याची आणि त्याच्या आसपासच्या मुलखाची सफर करणार आहोत.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. आजचे वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवले गेले. वर्धा नदीवरून जिल्ह्याला आणि शहराला नाव मिळाले. ही नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि पुढे वैनगंगेला मिळते. त्यानंतर हे सारे पाणी प्राणहिता नदीच्या रूपाने गोदावरीला जाऊन मिळते. वर्धा शहर रेल्वेच्या मोठ्या मार्गावर असल्यामुळे येथे पोहोचणे सोपे आहे. नागपूर येथून सुमारे ७५ किलोमीटर दूर आहे.

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले, की सेलू हे तालुक्याचे गाव लागते. तेथून एक वाट हिंगणी या गावाकडे वळते. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन, गहू आणि हरभऱ्याची शेते दिसतात. हिंगणी मागे पडली, की सपाट शेते संपतात आणि लहान लहान टेकड्या सुरू होतात. साग, ऐन, तेंदू आणि बांबू यांचे रान दाट होऊ लागते. तेवढ्यात समोर मातीची एक लांबच लांब भिंत दिसते. तेच बोर धरण.

हे धरण बोर नदीवर १९६५ साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ३६ मीटर आणि लांबी एक किलोमीटरहून थोडी अधिक आहे. धरण म्हटले, की सिमेंटची उभी भिंत डोळ्यांसमोर येते; पण बोर धरण मातीचे आहे. मातीची भिंत एवढे पाणी कशी अडवून धरते, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर तिच्या आकारात आहे. मातीचे धरण तळाशी अतिशय रुंद आणि वर अरुंद असते. त्याच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. चिकणमातीतून पाणी सहजासहजी झिरपत नाही. पाण्याच्या बाजूने दगड रचलेले असतात, त्यामुळे लाटांनी माती वाहून जात नाही. मातीच्या धरणाला खरी भीती असते ती वरून पाणी वाहण्याची. पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले, तर ते माती कापत जाते आणि धरण फुटू शकते. म्हणून एका बाजूला सांडवा ठेवलेला असतो. तलाव भरला, की जास्तीचे पाणी सांडव्यावरून सुरक्षितपणे निघून जाते.

तलावाचे पाणी कालव्याने शेतांपर्यंत पोहोचते. कालवा म्हणजे उर्दूतील ‘नहर’. विदर्भात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने शेतकऱ्याने काय करावे? पावसाचे पाणी अडवून ठेवले, तर हिवाळ्यात गहू आणि हरभरा घेता येतो. म्हणजे तलाव ही एक प्रकारची कोठीच आहे. पावसाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यात रिकामी होत जाते. म्हणून बोर तलाव प्रत्येक ऋतूत वेगळा दिसतो. सप्टेंबरात तो टेकड्यांच्या पायाशी भिडलेला असतो. मे महिन्यात पाणी खाली जाते, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यावर कोवळे गवत उगवते. या गवतासाठी हरणे येतात. उथळ पाण्यात बगळे आणि पाणकावळे मासे टिपताना दिसतात.

तलावाभोवतीचे जंगल १९७० साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुढे २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील हा सहावा व्याघ्र प्रकल्प होय. त्याचा गाभ्याचा भाग सुमारे १३८ चौरस किलोमीटर आहे. मेळघाट किंवा ताडोबा यांच्या मानाने हे जंगल लहानसे आहे. तरी येथे वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ, नीलगाय, भेकर असे अनेक प्राणी राहतात. मोर तर ठिकठिकाणी आढळतात.

एवढ्याशा जंगलाला व्याघ्र प्रकल्प का म्हणावे? यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. नकाशा उघडून पाहा. बोरच्या ईशान्येला पेंच आहे, पूर्वेला नागझिरा आणि उमरेड-कऱ्हांडला आहेत, दक्षिणेकडे ताडोबा आहे आणि पश्चिमेला मेळघाट आहे. या सर्व मोठ्या जंगलांच्या मधोमध बोर आहे. वाघाचा बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला, की तो आईपासून वेगळा होतो. त्याला स्वतःचा मुलूख हवा असतो. एका नर वाघाला कित्येक चौरस किलोमीटर जंगल लागते. लहान जंगलात सर्वांना जागा पुरत नाही. म्हणून तरुण वाघ रात्रीच्या वेळी नाल्यांच्या आणि झुडपांच्या आडोशाने दूरदूर चालत जातात. अशा प्रवासात बोरचे जंगल त्यांना मुक्कामाच्या सराईसारखे उपयोगी पडते. ही सराई मोडली, तर मोठ्या जंगलांचा एकमेकांशी संबंध तुटेल.

पण वाघाची वाट सोपी नाही. वाटेत शेते आहेत, विहिरी आहेत, रेल्वे आहे आणि मोठे रस्ते आहेत. बोर येथे ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा एक नर वाघ होता. अनेक पर्यटकांनी त्याला पाहिले होते. २०१७ सालच्या डिसेंबर महिन्यात नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ भरधाव वाहनाची धडक बसून तो मरण पावला. जंगलात कोणालाही न घाबरणारा वाघ रस्त्यावर काही क्षणांत संपला. या घटनेने पुष्कळांचे डोळे उघडले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा २०२२ साली सुरू झाला. तो वर्धा जिल्ह्यातून जातो. या रस्त्यावर वन्य प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून काही ठिकाणी खालून आणि वरून जाणारे मार्ग बांधले आहेत. रस्ता माणसाला हवा आहे आणि वाट वाघालाही हवी आहे. दोघांचाही विचार केला, तर दोघांचेही काम होऊ शकते.

जंगलाच्या काठी राहणाऱ्या लोकांचे म्हणणेही आपण ऐकले पाहिजे. मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला त्यांना पहाटेच रानात जावे लागते. कधी वाघ गोठ्यातील जनावर उचलून नेतो. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात. शासन नुकसानीची भरपाई देते. पण रात्रभर मचाणावर जागून काढावी लागते, तिची भरपाई कशी होणार? शहरातील पाहुणा वाघ दिसला म्हणून आनंदाने घरी जातो. गावातील शेतकऱ्याला मात्र त्याच वाघाच्या शेजारी रोज राहायचे असते. म्हणून वाघ वाचवण्याचे खरे श्रेय या गावकऱ्यांकडेही जाते, हे विसरता कामा नये.

माणूस आणि जंगल यांचा हा व्यवहार आजचा नाही. जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आष्टी हे गाव आहे. मोगल काळात मोहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला या भागाची जहागीर मिळाली होती. त्या वेळी येथे बराच मुलूख ओसाड पडला होता. त्यांनी लोक आणून वसवले आणि जमीन पुन्हा लागवडीखाली आणली, असे जुन्या नोंदी सांगतात. आष्टी येथे मोगल धाटणीचे दोन मकबरे आजही उभे आहेत. त्या काळी जंगल अफाट होते आणि शेती थोडी होती. म्हणून जंगल तोडून शेती वाढवणारा माणूस मोठा ठरला. आज शेती, रस्ते आणि शहरे वाढली आहेत आणि जंगल थोडे उरले आहे. म्हणून उरलेले जंगल राखणारा माणूस मोठा ठरतो. काळ बदलला, की कर्तव्यही बदलते.

याच आष्टी गावाने १९४२ च्या ‘भारत छोडो’ चळवळीत मोठा त्याग केला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांमध्ये डॉ. गोविंद मालपे, पंची गोंड आणि रशीद खान यांची नावे आहेत. आदिवासी, हिंदू आणि मुसलमान यांचे रक्त येथे एकाच मातीत मिसळले.

बोर तलावाहून परत येताना पवनार हे गाव पाहता येते. वर्ध्यापासून ते आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी आहे. येथे आचार्य विनोबा भावे १९३८ साली राहावयास आले. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी १९५१ पासून भूदान चळवळ चालवली आणि पायी फिरून देशभर जमीन मागितली. विनोबांना अनेक भाषा येत होत्या. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले आणि त्यांनी कुराणातील निवडक वचनांचे ‘कुराण-सार’ हे पुस्तक तयार केले. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा, तर त्याची भाषा शिकण्याचे कष्ट घ्यावेत, हे त्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवले. १९५९ साली त्यांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. १९८२ साली विनोबांचे येथेच निधन झाले. आश्रमाखालून वाहणारी धाम नदी आणि तिच्या पात्रातील काळे खडक पाहत बसले, की मन शांत होते.

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. या गावाचे जुने नाव शेगाव. १९३६ साली महात्मा गांधी येथे राहावयास आले. नावातील सारखेपणामुळे त्यांची पत्रे दुसऱ्या शेगावला जात, म्हणून १९४० साली गावाला ‘सेवाग्राम’ हे नाव मिळाले. येथील झोपड्या माती, बांबू, लाकूड आणि कौले यांपासून बनवलेल्या आहेत. आसपास सहज मिळेल अशाच सामानात घर बांधावे, असा गांधीजींचा आग्रह होता. आदी निवास, बा कुटी आणि बापू कुटी या वास्तू आजही जपून ठेवल्या आहेत. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी उठावाने काढलेली ताडाची झाडे आणि चरखा दिसतो. कुष्ठरोग झालेले विद्वान परचुरे शास्त्री यांच्यासाठी गांधीजींनी आश्रमातच कुटी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांची सेवा करीत. त्या काळी कुष्ठरोग्याजवळ जायलाही लोक भीत असत.

उर्दू शिकणाऱ्या मुलांना वर्धा शहर आणखी एका कारणासाठी जवळचे वाटावे. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात येथे शिक्षणाविषयी एक मोठी परिषद भरली. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. मुलांचे शिक्षण कसे असावे, याची योजना करण्यासाठी परिषदेने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. हेच डॉ. झाकिर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. मुलांनी मातृभाषेतून शिकावे, आणि नुसते पुस्तक पाठ न करता हाताने काम करून व आपला परिसर पाहून शिकावे, असे या समितीचे म्हणणे होते. या शिक्षणपद्धतीला ‘नई तालीम’ म्हणतात. ‘तालीम’ हा शब्द तर तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. नई तालीमच्या दृष्टीने पाहिले, तर बोर तलावाची सहल हाच एक धडा आहे. धरणाची उंची मोजणे हे गणित, कालवा कोठे जातो हे भूगोल, वाघ का चालत जातो हे विज्ञान, आणि काठावरच्या गावात लोक कसे राहतात हे नागरिकशास्त्र.

सफरीचा शेवटचा टप्पा जिल्ह्याच्या दक्षिणेला, समुद्रपूर तालुक्यात आहे. तेथे गिरड या गावाजवळ टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक येथे श्रद्धेने येतात. टेकडीवर ठिकठिकाणी गोल, सुपारी किंवा जायफळासारखे दिसणारे दगड सापडतात. त्यांच्याविषयी एक दंतकथा आहे. एक व्यापारी मालाच्या गोण्या घेऊन चालला होता. फकिराने विचारले, ‘‘गोण्यांत काय आहे?’’ काही द्यावे लागू नये म्हणून व्यापारी म्हणाला, ‘‘दगड आहेत.’’ पुढे जाऊन पाहतो, तर गोण्यांतील फळांचे खरोखरच दगड झाले होते! भूगोलाचे पुस्तक या दगडांची वेगळी हकीकत सांगते. लक्षावधी वर्षांपूर्वी येथे लाव्हारस पसरला. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे या पोकळ्यांत साठून गोल खडे तयार झाले. खडक झिजला, तसे खडे मोकळे झाले. दंतकथा आपल्याला खोटे न बोलण्याची आणि कंजूषपणा न करण्याची शिकवण देते, आणि विज्ञान आपल्याला दगडाचे वय सांगते. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. याच तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध असून तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मुलांनो, अशा सहलीला जाताना काही गोष्टी पाळाव्यात. बोरच्या जंगलात पायी हिंडू नये. वनखात्याच्या वाहनातून आणि वाटाड्याबरोबरच जावे. पावसाळ्यात जंगलातील फेऱ्या सहसा बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी. भडक रंगाचे कपडे घालू नयेत आणि मोठ्याने बोलू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी आणाव्यात. हरणे त्या गिळतात आणि मरतात. तलावात उतरू नये, कारण धरणाच्या पाण्याची खोली वरून कळत नाही. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसले होऊ नये. ओल्या मातीत उमटलेले त्याचे पंजे दिसले, तरी तो आहे आणि सुखरूप आहे, एवढे कळते.

बोर तलावात साठलेले पाणी शेतकऱ्याच्या गव्हाला मिळते, हरणाची तहान भागवते आणि हरणाच्या मागे येणाऱ्या वाघालाही पुरते. प्रत्येकाने आपल्यापुरतेच घेतले, तर मे महिन्यातही तलावात थोडे पाणी शिल्लक राहते.

स्वाध्याय

१. मातीच्या धरणाला सांडवा का असतो?
२. बोरचे जंगल लहान असूनही महत्त्वाचे का आहे?
३. ‘काळ बदलला, की कर्तव्यही बदलते’ हे वाक्य आष्टीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. पाठात आलेले जिल्हा, तालुका, जहागीर, सराई, तालीम हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच मराठी शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.
५. तुमच्या गावाजवळच्या तलावाची किंवा नदीची माहिती आठ-दहा ओळींत लिहा. तिचे पाणी कोण कोण वापरते, तेही सांगा.